रिकाम्या बाटलीतला संत्र्याचा वास

ती बातमी छापून आली तेव्हा मी बोरी अरबला आईच्या खाटेशी बसले होते. आईला टायफॉइड झाला होता, ताप हटत नव्हता, आणि मी यवतमाळच्या कॉलेजातून रजा काढून घरी आले होते. बाबा बाजारातून आले ते पेपर हातात फडकवतच. आतल्या पानावर आमच्या सरांचा फोटो होता. पांढरा कोट घालून, मशीनवर हात ठेवून उभे. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘झरीच्या रानभांगेला संत्र्याचा सुगंध’. खाली मजकूर असा की असा सुगंध असलेली भांग आजवर कुठे सापडलेली नाही, हा शोध यवतमाळात लागला, आणि यातून आदिवासी भागात रोजगार येईल. शेवटच्या ओळीत सहसंशोधक म्हणून माझं नाव होतं.

“माह्या पोरीचं नाव पेपरात आलं,” बाबा आईला म्हणाले. बाबा मोटारपंप दुरुस्त करत. हाताचं काळं ग्रीस पेपराला लागेल म्हणून त्यांनी आधी हात धुतले आणि मग ती बातमी पुन्हा वाचली. मोठ्यानं. आई तापातही हसली. संध्याकाळपर्यंत आमच्या वस्तीतले अर्धे लोक येऊन गेले.

पण भांगेचे ते नमुने मी तपासलेच नव्हते.

मी एम.एस्सी. केलं ते रसायनशास्त्रात. घरात पहिलीच. कंत्राटावर का होईना, त्या कॉलेजात संशोधन सहायक म्हणून लागले तेव्हा मला वाटलं, आता आपलं ठरलं. सरांनी खूप धावपळ करून एक मशीन आणलं होतं, वेगवेगळे वास वेगळे करून मोजणारं. त्याचं नाव गॅस क्रोमॅटोग्राफ. आम्ही नुसतं मशीन म्हणायचो. भांगेच्या पानातले सुगंधी पदार्थ मोजायचे, असा आमचा प्रकल्प होता. भांग म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात, म्हणून सरकारी परवानगी काढून झाली होती, पानं कुलपात राहायची आणि किती आणली, किती वापरली, किती जाळली हे लिहून ठेवावं लागायचं.

काम सांगायला सोपं आहे. पानाचे बारीक तुकडे छोट्या काचेच्या बाटलीत घालायचे, वर रबरासारखं मऊ झाकण दाबून बसवायचं आणि बाटली तापवायची. पानातला वास उडून वरच्या मोकळ्या जागेत साचतो. तेवढी हवा सुईनं ओढून मशीनला द्यायची. आत केसाइतकी बारीक, वेटोळी केलेली, खूप लांब नळी असते आणि तिच्यातून हेलियम वाहत असतो. हलके वास लवकर बाहेर पडतात, जड वास रेंगाळतात. जो बाहेर पडेल त्याची संगणकावर रेघ वर चढते आणि खाली येते. त्या उंचवट्याला पीक म्हणतात. पुढचं यंत्र त्या वासाचे रेणू फोडून, तुकड्यांवरून सांगतं की हा कोण. भांगेत मायर्सीन असतं, तेच आंब्याच्या पानातही असतं. कॅरिओफायलीन असतं, मिरी-लवंगेतलं. पायनीन असतं, टर्पेन्टाइनच्या वासाचं. आणि थोडंसं लिमोनीन, जे संत्र्याच्या सालीत खच्चून भरलेलं असतं.

अवघड आहे ते सांभाळणं. पानं उन्हात वाळवली की हलके वास निम्म्यावर येतात, म्हणून तोडल्याबरोबर बर्फाच्या पेटीत घालायची. वीज गेली की मशीनची आतली हवा बिघडते, पुन्हा पूर्वपदावर यायला अख्खा दिवस जातो. आणि यवतमाळात वीज जाते. मी त्या मशीनचा आवाज ओळखायला लागले होते. पंपांच्या घरात वाढलेली मुलगी, आवाज बदलला की मान वर व्हायची.

पानं आणायला आम्ही झरी जामणीकडे गेलो होतो. सर, मी आणि गाडीचा ड्रायव्हर. तिथल्या एका पोडावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, एक कोलाम माणूस आमच्यासोबत वाटाड्या म्हणून आला. चाळिशीचा असेल. थोडी कोरडवाहू शेती, तीत पराटी म्हणजे कापूस, बाकी जंगलातलं काम. दिवाळीत गावची दंडार, नाचगाण्याची मंडळी, निघायची तिच्यात ढोल त्याचाच. तोंडाचा पट्टा एकदा सुटला की थांबायचा नाही. नाल्याच्या काठानं, उकिरड्यांच्या कडेनं, पडक्या गोठ्यामागं भांग आपोआप उगवलेली होती. ती दाखवत तो म्हणाला,

“उकिरड्यावरचे झाडं हायत जी हे. कायले पाह्यजे तुमाले?”

“याचा वास मोजायचा आहे, भाऊ,” मी म्हटलं.

“वास मोजता? तराजूत?”

सर मजेत होते. म्हणाले, “मशीनवर. मशीनमध्ये वासाचं पीक येतं. कुणाचं मोठं, कुणाचं छोटं.”

तो असा हसला की धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसूनच घेतलं. मग घराकडे तोंड करून बायकोला ओरडला, “ऐकलं का वो? आपल्या पराटीले पीक नाई, आन् यायच्या वासाले पीक हाय!”

त्याची बायको दारातून हसली. तिनं आम्हाला ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. परत निघताना त्यानं पेटी स्वतः डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत आणली. त्याच्या शेताच्या धुऱ्यावरही भांगेचा एक दाट ताटवा होता, तिथून मी पानं तोडली होती. आम्ही जाताना सरांनी त्या ताटव्याकडे बोट दाखवून काहीतरी कारखान्याबिरखान्याचं बोलणं केलं. मी लक्ष दिलं नाही. सर असं सगळीकडेच बोलायचे.

परत आल्यावर मी मशीन तयार केलं, पानं दोन भागांत ठेवली, एक भाग उणे तापमानाच्या फ्रीजरमध्ये राखीव. दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला, आईला दवाखान्यात नेतो म्हणून. मी गेले. सरांना थांबवेना. त्यांनी सगळे नमुने स्वतःच चालवले आणि निकाल पाहून थेट पत्रकाराला बोलावलं.

आईला बरं वाटल्यावर मी कामावर आले आणि पहिल्यांदा ते आलेख उघडले. लिमोनीनचं पीक डोंगरासारखं होतं. मायर्सीनपेक्षा उंच. वाईट म्हणजे सगळ्या आलेखांत सारखंच उंच. नाल्याकाठचं झाड, उकिरड्यावरचं झाड, कोवळं पान, जून पान, सगळ्यांत तेवढंच. झाडं अशी वागत नाहीत. एकाच झाडाची वरची आणि खालची पानं एकसारखी नसतात, तर वेगवेगळ्या ठिकाणची झाडं एकाच उंचीचं पीक कशी देतील?

या कामात एक साधा नियम आहे. नमुन्याच्या आधी रिकामी बाटली चालवायची. आत पान नाही, काही नाही, फक्त झाकण लावून तापवायची आणि तिची हवा मशीनला द्यायची. तिला ब्लँक म्हणतात. ती सपाट रेघ आली की समजायचं, मशीन स्वच्छ आहे, आता जे दिसेल ते झाडाचं. सरांनी ती चालवलीच नव्हती. मी चालवली. बाटली रिकामी होती आणि पडद्यावर तोच डोंगर उभा राहिला. लिमोनीन.

मी झाकणं कुठून घेतली होती ते आठवलं. प्रयोगशाळेतल्या फ्रीजमधून. दार उघडलं. खालच्या कप्प्यात संत्र्यांची थैली होती, सरांच्या सासुरवाडीच्या बागेतली, काही संत्री सुरकुतलेली. वर, थैलीला टेकून, झाकणांचं फाटकं पाकीट. ती झाकणं सिलिकॉनची असतात आणि सिलिकॉन वास पितं, तेलात भिजवलेल्या चिंधीसारखं. कितीतरी दिवस ती संत्र्याच्या सालीशेजारी बसली होती. बाटली तापली की त्यांनी प्यायलेलं सगळं सोडून दिलं.

मी भांडारातून नवं पाकीट फोडलं. रिकामी बाटली: सपाट रेघ. मग राखीव पानं काढली, तीच झरीची, धुऱ्यावरचीसुद्धा. मायर्सीन मोठं, कॅरिओफायलीन चांगलं, पायनीन, आणि लिमोनीन एक छोटासा उंचवटा, जसं कुठल्याही भांगेत असतं. झरीची भांग म्हणजे भांग होती. बस्स.

मी सगळे आलेख छापून सरांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, संत्र्याचं पीक झाडाचं नाही. झाकणांचं आहे.”

त्यांनी कागद हातात घेतले. पहिला पाहिला, दुसरा पाहिला. त्यांना समजलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. सरांना रसायनशास्त्र येत नव्हतं असं नाही.

“कोणाला दाखवलंस?” त्यांनी विचारलं.

“तुम्हालाच पहिले.”

“सोमवारी संस्थेच्या अध्यक्षांनी सत्कार ठेवला आहे. आमदार येणार आहेत.”

“मग सोमवारच्या आत सांगावं लागेल, सर.”

“काय सांगू? मी फ्रिजात संत्री ठेवली होती म्हणून?” ते हसले. मी हसले नाही तेव्हा त्यांचा आवाज बदलला. “हे मशीन आणायला मी किती वर्षं चपला झिजवल्या, तुला माहीत आहे? एक चांगली गोष्ट घडली इथे. एक. लेख पाठवून झाला आहे. तुझं नाव दुसरं टाकलंय. तुझ्या वयात माझं नाव कुणी तिसरंसुद्धा टाकलं नव्हतं.”

“माझं नाव काढा, सर. नाहीतर लेख परत बोलवा.”

“तुम्हा लोकांना संधी दिली की...” एवढं म्हणून ते थांबले.

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ती वाक्यं पुरी करावी लागत नाहीत. मी शाळेपासून ती अर्धीच ऐकत आले आहे आणि उरलेला अर्धा भाग मला पाठ आहे.

सर वाईट माणूस नव्हते, असं अशा वेळी लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही.

सत्कार झाला. शाल, नारळ, भाषण. मी मागच्या रांगेत बसून होते आणि बाबा बोरीहून खास आले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना रात्रीच्या एसटीत बसवून दिलं. नंतर मी, सरांनी लेख पाठवला होता त्या नियतकालिकाच्या संपादकांना ईमेल केला, आलेख जोडले. उत्तर आलं की लेख मागे घ्यायचा असेल तर सगळ्या लेखकांची संमती हवी, किंवा संस्थेचं पत्र हवं. संस्थेकडे मी अर्ज दिला. अर्ज सरांच्या टेबलावर शिक्क्यासाठी आला. लेख छापून आला.

मधल्या काळात सर पुन्हा झरीकडे जाऊन आले होते, पत्रकारांना घेऊन. मला नेलं नाही. तिथे काय झालं ते मला पुढे त्या वाटाड्याच्या बायकोकडून कळलं.

ती कॉलेजच्या गेटवर उभी होती. पावसाळा सरून गेला होता, कापूस फुटायला लागला होता. वॉचमन मला बोलवायला आला, कुणीतरी बाई ‘वास मोजनाऱ्या ताई’ला विचारते म्हणून. मी तिला लगेच ओळखलं. तिनं हातात पेपरचं पान धरलं होतं, घडी घालून घालून फाटलेलं.

“ताई, यायले पोलिसांनं नेलं,” ती म्हणाली.

“कुणाला? भाऊंना? काहून?”

“गांजा लावला म्हनते.”

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. तिनं एकेक सांगितलं. सर आले होते, गावात सभा झाली होती. ‘ही झाडं उपटू नका, जपा, हे तुमचं सोनं आहे’ असं ते म्हणाले होते आणि धुऱ्यावरच्या ताटव्यापाशी उभं राहून फोटो काढले होते. तिच्या नवऱ्यानं ते ऐकलं आणि ताटव्याला बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं, जनावरं तुडवू नयेत म्हणून. पाऊस लांबला तेव्हा डोक्यावरून पाणी आणून घातलं. झाडं माणसाच्या उंचीची झाली, तुरे आले. मग कुणीतरी चुगली केली.

“पोलिसांनं इचारलं, आपोआप उगोलं तं कुंपन कायले? हे म्हनले, यवतमाळच्या सायबानं सांगतलं. तं एकानं कानफाडात मारली.” तिनं पेपरचं पान उलगडलं. “हे मी तवाच दाखवलं त्यायले. ते म्हनले, हे तं आनखी चांगलं झालं, बाई. म्हंजे तुमाले भाव मालूम होता.”

मी तिला घेऊन सरांकडे गेले. सर वऱ्हांड्यातच भेटले. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, अगदी शांतपणे, हात मागे बांधून.

“बाई, मी जपा म्हणालो म्हणजे रानात आहेत ती जपा. शेतात वाढवा असं म्हणालो का?”

“सायेब, तुमी बोट दाखवून म्हनलं. आमच्याच धुऱ्यावर उभं राहून.”

“मी लेखी काही दिलेलं नाही,” ते म्हणाले. हे तिला नव्हतं, मला होतं. मग तिला म्हणाले, “वकील करा. चांगला वकील करा.” आणि केबिनमध्ये गेले.

ती त्या बंद दाराकडे पाहत उभी राहिली. रडली नाही. मला म्हणाली, “ताई, सायेब असं कसं म्हनते? आमी याह्यले जेवाले वाढलं होतं.”

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत पांढरकवड्याला वकिलाकडे गेले. वकील मन लावून ऐकून घेणारा होता, हे नशीब. म्हणाला, झाड आपोआप उगवलेलं असेल तर लागवड होत नाही, पण कुंपण आणि पाणी म्हणजे लागवडच. कॉलेजनं लिहून दिलं पाहिजे की प्राध्यापकानं जपायला सांगितलं होतं. मी म्हटलं, कॉलेज देणार नाही.

“तुम्ही साक्ष द्याल? त्या झाडात विशेष काही नव्हतं, सरांचा शोध चुकला होता, आणि त्या चुकीवर या माणसानं विश्वास ठेवला, असं?”

“देईन,” मी म्हटलं.

“नोकरी कायम आहे का तुमची?”

“नाही.”

त्यानं माझं नाव-पत्ता लिहून घेतला. माझं नाव साक्षीदारांत गेल्याचं कॉलेजला कळलं त्या आठवड्यात मला पत्र मिळालं की प्रकल्पाची मुदत संपत असल्यानं सेवेची आवश्यकता उरलेली नाही. कुलपाच्या किल्ल्या मी कार्यालयात जमा केल्या. मशीनच्या खोलीत मला जाऊ दिलं नाही. माझी छत्री आत राहिली ती राहिलीच.

त्या माणसाला जामीन झाला नाही. तो यवतमाळच्या जेलमध्ये होता आणि मी यवतमाळातच, एका तेलाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले होते. सोयाबीन तेलाची आम्लता काढायची, ओलावा काढायचा. भेटीच्या दिवशी त्याची बायको झरीहून यायची, तिच्यासोबत मी दोनदा आत गेले. पहिल्यांदा त्यानं विचारलं, “ताई, तुमचं मशीन चालून राह्यलं का?” मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर मलाच धीर द्यायच्या मागे लागला असता. दुसऱ्यांदा गेले तोवर त्याची आई वारली होती. मातीला जायला त्याला मिळालं नव्हतं.

साक्षीची तारीख आली तेव्हा मी सगळे आलेख घेऊन गेले. मला वाटलं होतं, एकदा न्यायालयापुढे नीट सांगितलं की झालं. रिकामी बाटली काय, झाकण वास कसं पितं, सारख्या उंचीची पिकं का खोटी, हे मी घरी आरशापुढे मराठीत सांगून पाहिलं होतं, कुणालाही कळेल असं. वकिलानं विचारलं तसं मी सांगायला लागले. ‘रिकाम्या बाटलीतून संत्र्याचा वास आला’ म्हटल्यावर मागे कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशांनी हात वर केला. “रसायनाचा तपशील आवश्यक नाही. मुद्द्याचं बोला.”

मग सरकारी वकील उठले. त्यांनी तो छापील लेख माझ्यापुढे धरला.

“यावर दुसरं नाव कुणाचं आहे?”

“माझं.”

“इथल्या भांगेला खास सुगंध आहे, तिला व्यापारी मूल्य आहे, असं यात लिहिलं आहे?”

“लिहिलं आहे. पण ते चूक आहे. मी त्यांना...”

“लेख मागे घेतला गेला का? हो की नाही?”

“नाही.”

“म्हणजे छापलेलं तुमच्याच नावानं, आणि इथे सांगता चूक. एक तर लेख खोटा, नाहीतर तुम्ही.” ते न्यायाधीशांकडे वळले. “शिवाय आरोपीला हे झाड किमती असल्याचं माहीत होतं, हे साक्षीदारानंच मान्य केलं आहे.”

मी असं म्हटलं नव्हतं. पण ते नोंदीत तसंच गेलं. मी साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली पाहिलं. तो पोलिसांमध्ये बसलेला होता, दाढी वाढलेली, आणि माझ्याकडे बघून मान हलवत होता, जणू मीच अडकले आहे आणि त्यानं मला बरं वाटावं म्हणून काहीतरी करायला पाहिजे. ती मान मला आजही सहन होत नाही. मी त्याला सोडवायला गेले होते आणि त्याच्या विरुद्धचा पुरावा देऊन खाली उतरले होते.

तो सुटला. कसा सुटला ते ऐका. जप्तीचा एक पंच फिरला, आणि तपासायला पाठवलेल्या पुडक्यावरच्या मोहरेचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळला नाही. एवढंच. निकालपत्रात माझ्या साक्षीला एक ओळ मिळाली आहे: सदर साक्षीचा प्रकरणाशी थेट संबंध दिसून येत नाही. वकिलानं ती ओळ मला दाखवताना डोळे चोरले. मी त्याला म्हटलं, खरंच आहे, नाही दिसत.

तो सुटल्यावर काही दिवसांनी मी पोडावर गेले. का गेले, सांगता येत नाही. धुरा साफ होता. भांग तर नाहीच, बोरीची झुडपं, टाकळा, सगळं खणून काढलेलं, नुसती काळी माती. तो अंगणात बसला होता, दोर वळत. मला पाहून उठला, खाट टाकली. बायकोनं पाणी दिलं. मी विचारलं, दिवाळीत दंडारीत ढोल वाजवला का. तो म्हणाला, “ढोल दुसऱ्यानं घेतला. आता लोकं म्हनते, पोलिसवाल्याच्या घरचा ढोल नाई पाह्यजे.” पोलिसवाला म्हणजे पोलिसांनी नेलेला. गावानं त्याला नवं नाव दिलं होतं.

मी निघाले तेव्हा तो वाटेपर्यंत आला. एवढा बोलका माणूस, पण शब्द जुळवायला त्याला वेळ लागला.

“ताई, तुमचं चुकलं नाई. आमाले समजते. पन एक म्हनू का? तुमी येत नका जाऊ. तुमी आले का गावातले लोक पाह्यते. पोरीचं लगन जमून राह्यलं.”

“नाही येणार,” मी म्हटलं.

“राग नका मानू जी.”

“नाही मानत, भाऊ.”

काळ्या-पिवळ्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली, तिच्यातून मी पांढरकवड्याला आले आणि तिथून यवतमाळला. राग नव्हता असं नाही. पण त्याच्यावर नव्हता, आणि ज्याच्यावर होता त्याला त्याचं काही नव्हतं. सर आता प्राचार्य आहेत. कॉलेजात दुसरं, मोठं मशीन आलं आहे. उद्घाटनाची बातमी मी कारखान्यात डबा खाताना वाचली. बाबांना अजून कुणी विचारलं तर ते सांगतात की पोरीचा शोध पेपरात आला होता. त्यांना मी खरं सांगितलं, दोनदा सांगितलं. ते ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच सांगतात. मी आता सोडून दिलं आहे.

तो लेख अजून आहे तिथे आहे. माझं नाव दुसरं. लोक तो वाचतात, आपल्या लेखांत त्याचा आधार देतात. गेल्या महिन्यात उत्तरेकडच्या कुठल्याशा विद्यापीठातल्या एका मुलीचा ईमेल आला. पीएच.डी. करते. फार अदबीनं लिहिलं होतं. आमच्या भागातल्या भांगेत तुमच्याइतकं लिमोनीन काही केल्या मिळत नाही, वर्ष गेलं, पुन्हा पुन्हा करून पाहिलं, आमच्या पद्धतीत काय चुकत असेल ते सांगाल का?

मी जेवण तसंच ठेवून तिला लिहिलं. तुमचं काहीही चुकत नाही. रिकाम्या बाटलीचं, झाकणांचं, थैलीचं, सगळं लिहिलं. माझ्याकडचे जुने आलेख जोडले.

तिचं उत्तर आलं. आभार मानले होते. पुढे लिहिलं होतं की तिनं हे आपल्या सरांना दाखवलं, आणि सर म्हणाले, छापून आलेलं चूक असतं तर त्यांनी मागे घेतलं नसतं का? तिला आणखी नमुने चालवायला सांगितलं आहे.

मी पुन्हा लिहिलं, या वेळी तिच्या सरांनाही प्रत पाठवली. अजून उत्तर नाही.